मुंबईच्या फ्लॅटला एचआरव्ही-ईआरव्ही बसवायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एसी आणि डक्टिंगच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे नातेवाइकांत कोणाचं रिनोव्हेशन निघालं की फोन येतोच. पूर्वी विचारायचे एसी एक टनाचा घेऊ की दीड टनाचा, आता परदेशातून आलेली मुलं-भाचे घरात सांगून जातात की व्हेंटिलेशनचं मशीन बसवा, आणि मग तेच तेच प्रश्न परत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे मशीन नक्की करतं काय?

एका डब्यात दोन पंखे असतात. एक घरातली शिळी हवा बाहेर फेकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा फिल्टरमधून आत घेतो, आणि दोन्ही हवा एका कोअरमधून, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या गठ्ठ्यातून, एकमेकींत न मिसळता जातात. जाता जाता गरम हवा थंड हवेला आपली उष्णता देते, बस, एवढंच. ज्यात फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते ते एचआरव्ही, आणि ज्याच्या पापुद्र्यांतून पाण्याची वाफही आरपार जाते ते ईआरव्ही. दुकानात दोन्हीला 'फ्रेश एअर सिस्टिम' म्हणून विकतात, तिथेच पहिला घोळ होतो.

जर्मनीत घरोघरी असतं म्हणे, मग आपल्याकडे का नको?

तिकडे ते असणं बरोबरच आहे. पॅसिव्ह हाउस नावाची जी पद्धत आहे तिचं पहिलं घर १९९१ मध्ये डार्मश्टाटला उभं राहिलं, तिथे घर इतकं हवाबंद करतात की मशीनशिवाय आतली हवा कोंदट होईल. आत २० अंश, बाहेर उणे ५, म्हणजे फरक २५ अंशांचा. खिडकी उघडली की पैसे बाहेर.

आता आपलं बघा. जुलैची रात्र, बाहेर २८, आत एसी लावून २६. फरक किती? दोन. मे महिन्यात दुपारी सात-आठ होईल. जानेवारीत तर पहाटे लोक स्वेटर घालून वॉकला जातात आणि दुपारी पंखा पुरतो, तेव्हा रिकव्हर करायला उष्णता आहेच कुठे. जे मशीन २५ अंशांचा फरक वाचवायला बनवलं ते दोन अंशांसाठी लावायचं म्हणजे कुर्ल्याहून सायनला जायला विमानाचं तिकीट काढण्यासारखं आहे.

मग आपल्याकडे खरा प्रॉब्लेम कोणता?

पाणी. हवेतलं पाणी.

हा हिशोब जरा नीट वाचा, कारण सगळा निर्णय यावर आहे. समजा टू बीएचकेमध्ये तासाला १०० घनमीटर बाहेरची हवा आणली. जुलैच्या रात्री, २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना, त्या हवेच्या दर किलोत साधारण २० ग्रॅम वाफ असते. आत २६ अंश आणि ५५ टक्क्यांना साडेअकरा ग्रॅम. फरक साडेआठ-नऊ ग्रॅम. १०० घनमीटर हवेचं वजन ११५ किलोच्या आसपास, म्हणजे तासाला जवळजवळ एक लिटर पाणी तुम्ही हवेतून घरात आणताय आणि ते एसीला काढायला लावताय. पटत नसेल तर पावसाळ्यात रात्री खिडकी थोडी उघडी ठेवून एसी लावा आणि त्याच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवून सकाळी बघा.

वॉटच्या भाषेत सांगायचं तर ही हवा दोन अंश थंड करायला साठ-सत्तर वॉट लागतात, आणि तिच्यातलं पाणी काढायला जवळपास ७०० वॉट. दसपट. म्हणून मुंबईत नुसतं एचआरव्ही घेऊ नका. अजिबात नको. घ्यायचंच असेल तर ईआरव्ही, आणि ते घ्यायचं की नाही हे पुढे.

म्हणजे ईआरव्हीने घरातला दमटपणा कमी होतो ना?

नाही! हा गैरसमज मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ईआरव्ही पाणी काढत नाही, ते फक्त बाहेरून येणारं पाणी थोडं अडवतं, आणि तेही आतली हवा एसीने आधीच कोरडी केलेली असेल तरच. ६० टक्के वाफ अडवणारं मशीन असेल तर तासाला लिटरऐवजी ४०० मिली आत येईल. येईलच. एसी बंद करून ईआरव्ही चालू ठेवलंत तर आतबाहेर हवा सारखीच दमट होते, कोअरला देवाणघेवाण करायला काही उरतच नाही, आणि तुम्ही वीज जाळून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होतं. दिवसभर घर बंद करून ऑफिसला जाता आणि मशीन चोवीस तास चालू ठेवता, तर संध्याकाळी कपाट उघडल्यावर तो कुबट वास येणारच.

स्प्लिट एसी आहे की, तो ताजी हवा घेतो ना बाहेरून?

नाही घेत. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गॅस असतो, हवा नसते. तीच खोलीतली हवा फिरत राहते. जुन्या विंडो एसीला 'व्हेंट' नावाची एक छोटी पट्टी असायची, ती उघडली तर थोडी अदलाबदल व्हायची, पण ती उघडलेली मी फार कुठे पाहिली नाही.

मग बंद खोलीत आपण रात्रभर काय श्वासात घेतो?

मी ऑफिसमधून कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणून आमच्या बेडरूममध्ये उशाशी ठेवला होता. दार बंद, खिडकी बंद, एसी २५ वर, आम्ही दोघं. रात्री अकराला ६०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग होतं, पहाटे सहाला उठून बघतो तर २३००. बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास असतं. बायको म्हणाली, म्हणून तुझं सकाळी डोकं जड असतं, मी म्हटलं ते इतर कारणांनीही असतं, पण आकडा आकडा आहे.

घाबरू नका, २३०० विषारी वगैरे नाही. कारखान्यांत आठ तासांच्या कामासाठी जी मर्यादा धरतात ती ५००० आहे. पण खोलीत हवा बदलत नाहीये हे त्यावरून स्वच्छ कळतं, आणि जिथे हवा बदलत नाही तिथे घामाचा, गादीचा, नव्या फर्निचरच्या पॉलिशचा वास पण साचतो.

दुसऱ्या रात्री फक्त एक केलं, बेडरूमचं दार चार बोटं उघडं ठेवलं आणि हॉलची एक काच थोडी सरकवली. सकाळी १०५० होतं. खर्च शून्य, एसी जरा जास्त चालला एवढंच. मशीनचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे आठ दिवस करून बघावं असं माझं मत आहे.

किती हवा लागते घराला?

झोपलेल्या दोन माणसांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आसपास राहावा असं वाटत असेल तर तासाला ४५-५० घनमीटर. अख्ख्या घरासाठी अ‍ॅश्रेच्या, म्हणजे एसी-व्हेंटिलेशनवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेच्या, ६२.२ या स्टँडर्डचं सूत्र आहे, त्याने ६५० चौरस फूट कार्पेटच्या टू बीएचकेला तासाला साधारण ७० घनमीटर येतं. त्यात आईबाबा, पाहुणे, घरून काम करणारे धरून १०० पकडा. कॉन्ट्रॅक्टरने ३५० चं मशीन कोटेशनमध्ये टाकलं असेल तर तो तुम्हाला हवा नाही, पावसाळा विकतोय.

लाइट बिल वाचेल का?

वाचतं कशाच्या तुलनेत, ते आधी ठरवा. खिडक्या घट्ट बंद ठेवून एसी लावता, त्याच्या तुलनेत बिल वाढेल, कारण आता बाहेरची हवा आत येणार. तेवढीच हवा खिडकीतून आत घेऊन एसी लावला असता, त्याच्या तुलनेत वाचेल.

किती? वरच्याच जुलैच्या रात्रीचा हिशोब, ६० टक्के रिकव्हरी धरली तर एसीवरचा ४५० वॉटचा भार कमी झाला, चांगल्या इन्व्हर्टर एसीला त्यासाठी १३० वॉट वीज लागली असती, त्यातून मशीनचे पंखे ५० वॉट खातात. उरले ८०. दहा तासांना ०.८ युनिट, युनिटला १० रुपये धरा, म्हणजे रात्रीचे ८ रुपये. वर्षभर रोज दहा तास एसी चालवणाऱ्याचे, रोज जुलैइतकाच फरक धरला तरी, तीन हजारांच्या आत. मशीन, डक्टिंग, फॉल्स सिलिंग, कोअर कटिंग (म्हणजे भिंतीला गोल भोक पाडणं, मशीनच्या कोअरशी त्याचा संबंध नाही) सगळं धरून आम्ही मेहुण्यांसाठी मागवलेल्या तिन्ही कोटेशनचा आकडा लाखाच्या पुढे होता. तेव्हा पैसे वाचवायला घेत असाल तर सोडा विषय. चांगल्या हवेसाठी घेत असाल तर पुढे वाचा.

बाहेर एवढी धूळ, समोर टॉवरचं काम, खिडकी उघडायची कशी?

हा प्रश्न खरा आहे आणि मुंबईची सगळी गंमत इथेच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा हवामान म्हणतं खिडक्या सताड उघडा, तेव्हाच वारा पडलेला असतो, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि धूळ-धूर शहरावरच बसून राहतो. आणि जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा धूळ नाही पण हवेत पाणीच पाणी. म्हणजे थंडीत फिल्टर हवा, पावसाळ्यात पाणी काढणारं काहीतरी हवं, आणि उष्णता वाचवणारं यंत्र दोन्हीकडे बाजूलाच.

२४ तासांच्या सरासरीला पीएम २.५ ची, म्हणजे अगदी बारीक धुळीची, भारतातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आपल्याकडे थंडीत ६० च्या वर जाणारे दिवस काही नवलाचे नाहीत. रस्त्यालगत, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, समोर मेट्रोचं किंवा रीडेव्हलपमेंटचं काम, घरात दम्याचा पेशंट, अशांसाठी फिल्टर लावून आत येणारी हवा ही चैन नाही. पण त्यासाठी ईआरव्हीच पाहिजे असं नाही, भिंतीत बसणारा फिल्टरवाला फ्रेश एअर फॅन एका बेडरूमला पुरतो. तो हवा आत ढकलतो, जास्तीची हवा दारा-खिडक्यांच्या फटीतून आपोआप बाहेर जाते, त्यामुळे त्याच फटींतून धूळही आत येत नाही. पावसाळ्यात तो मंद ठेवायचा किंवा बंद करायचा, तेव्हा दार चार बोटं आहेच.

एअर प्युरिफायर घेतला तर नाही का चालणार?

धुळीसाठी चालेल, मस्त चालेल. कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणासाठी शून्य उपयोग.

कपाटात बुरशी येते, चपला-पर्स पांढऱ्या पडतात, त्याला हे मशीन लावू का?

नाही. आधी ओल कुठून येते ते बघा. बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल, वरच्यांच्या बाथरूमचं गळत असेल, तर कुठलंही मशीन काही करणार नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. तसं नसेल आणि नुसती हवाच दमट असेल तर खोलीतली आर्द्रता ६० च्या खाली आणायची, त्याला एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर लागतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. आणि पावसाळ्यात बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालणं थांबवा, एका लोडमधून लिटर-दोन लिटर पाणी त्याच खोलीच्या हवेत जातं, नंतर म्हणायचं पापड सादळले.

मग घ्यावं तरी कोणी?

ज्यांच्याकडे एसी रोज दहा-बारा तास, वर्षातले बहुतेक महिने, खिडक्या बंद ठेवून चालतो, बाहेर धूळ किंवा ट्रॅफिकचा आवाज असल्याने खिडकी उघडणं खरंच शक्य नाही, आणि फॉल्स सिलिंग तसंही होणारच आहे. तिन्ही एकत्र. यातली एकच गोष्ट असेल तर स्वस्त उपाय आधी करा. मेहुण्यांचं घर बाराव्या मजल्यावर, हायवेला लागून, दोघंही घरून काम करतात, त्यांना मी घ्या म्हणालो.

जुनी बिल्डिंग, चाळ, भाड्याचं घर?

भाड्याचं असेल तर नको, भिंतीला भोक पाडल्यावर डिपॉझिट कोण देणार परत. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा गरजच नसते. दारांवर जाळीचे व्हेंटिलेटर, पुढे गॅलरी, मागे पॅसेज, आरपार हवा. या शहराने हवेचा धसका एकदा घेतलेला आहे. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाली आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून तिने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, आताचा शामळदास गांधी मार्ग. आपण मात्र रिनोव्हेशनमध्ये पहिलं काम काय करतो, तर दारावरचे ते व्हेंटिलेटर प्लायने बुजवतो आणि वर एलईडी पट्टी लावतो.

बसवताना लोकांचं काय चुकतं?

बरंच. मेहुण्यांच्याच घरात कॉन्ट्रॅक्टरने ताजी हवा घ्यायचं तोंड शेजारच्या फ्लॅटच्या बाथरूम एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर काढलं होतं, रोज सकाळी सातला हॉलमध्ये शेजाऱ्यांच्या साबणाचा वास. साबणाचाच होता हे नशीब. तोंड फिरवून ड्राय बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं, परत सिलिंग उघडून.

कबुतरं हा दुसरा विषय. एसीच्या युनिटमागे घरटं असेल आणि तिथूनच तुम्ही श्वासाची हवा घेत असाल तर जाळी बसवून भागत नाही, जागा बदला. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तिसरं, डक्टचं इन्सुलेशन. आतली २४ अंशांची हवा बाहेर नेणारा उघडा पत्र्याचा डक्ट पावसाळ्यात सिलिंगच्या पोकळीत घामाघूम होतो, कारण तिथल्या हवेतली वाफ २५ अंशांनाच पाणी व्हायला लागते. मग सिलिंगवर पिवळे डाग, आणि वरच्यांशी भांडण, की तुमचं बाथरूम गळतंय. नायट्राइल रबरचं इन्सुलेशन कोटेशनमध्ये लिहून घ्या.

भोक पाडायच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि बीमला, कॉलमला हात लावू द्यायचा नाही, कोअर कटिंगवाला 'कुछ नहीं होता साहब' म्हणाला तरी.

समुद्राजवळ राहत असाल तर बाहेरची जाळी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधे दोन पावसाळ्यांत गंजून भिंतीवर लाल ओघळ सोडतात.

एका खोलीचं छोटं, भिंतीतून आरपार बसणारं मशीन मिळतं, ते?

त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये सिरॅमिकचा गाभा असतो, पंखा मिनिटभर हवा बाहेर फेकतो, मग उलटा फिरून आत घेतो. सिरॅमिक मुख्यतः उष्णता धरतं, वाफ फारशी नाही. वरचा पाण्याचा हिशोब परत वाचा.

किचनच्या चिमणीला जोडता येईल का?

कधीच नाही. बोंबील तळल्याचं तेल कोअरमध्ये बसलं की संपलं, धुऊन निघत नाही, आणि तो वास मग बेडरूममध्ये येत राहतो. चिमणीचा पाइप वेगळा, थेट बाहेर. कोळशाच्या फिल्टरची, हवा परत किचनमध्येच सोडणारी चिमणी असेल तर तीवर विसंबू नका, खिडकी उघडा. आणि पाइप गॅसवाल्यांनी भिंतीत ठेवायला लावलेली जाळी धूळ येते म्हणून बुजवू नका.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, काही काळजी?

आहे, आणि मोठी. गॅस गिझर आंघोळीच्या बंद खोलीत नकोच, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. घर घट्ट बंद करून जोरात एक्झॉस्ट लावला तर गिझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. व्हेंटिलेशनचं कुठलंही काम करायच्या आधी तो गिझर काढून इलेक्ट्रिक लावा.

यावरून आमच्याकडचा एक किस्सा. सगळ्या खिडक्यांना नवीन रबर लावलं आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवला, दोन दिवसांनी न्हाणीतून गटाराचा वास आणि झुरळं. पंख्याला हवा कुठून तरी हवीच असते, खिडक्यांतून मिळेना म्हणून त्याने वापरात नसलेल्या दुसऱ्या बाथरूमच्या सुकलेल्या न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखालच्या ज्या वाटीत पाणी साठून गटाराचा वास अडतो तिच्यातून, खेचली. तिथे एक तांब्या पाणी ओतलं, हॉलची काच इंचभर उघडली, वास गेला.

मेन्टेनन्स किती?

बाहेरचा जाळीचा फिल्टर दर महिन्याला धुवायचा, थंडीत पंधरा दिवसांनी. आतला बारीक फिल्टर काळा पडला की बदलायचा, तो चोंदला की हवा कमी होते आणि मशीन नुसतं घरघरतं. म्हणून सिलिंगमध्ये हात जाईल एवढं दार ठेवून घ्या, इंटिरियरवाले दिसायला नको म्हणून ते विसरतात. बेडरूममध्ये आवाज ३० डेसिबलच्या वर नको, कोटेशन देणाऱ्याला एखादं चालू मशीन रात्री ऐकवायला सांगा.

तुमच्या स्वतःच्या घरी काय आहे?

ईआरव्ही नाहीये. दोन्ही बाथरूमला टायमरवाले एक्झॉस्ट, बेडरूमला एक फिल्टरवाला फ्रेश एअर फॅन जो दिवाळीनंतर चालू होतो आणि होळीला बंद, जून ते सप्टेंबर ड्राय मोड आणि बेडरूमचं दार चार बोटं उघडं. मीटर हजाराच्या आसपास दाखवतो. फक्त आई रात्री पाणी प्यायला उठते, जाताना ते दार बंद करते, एसीची हवा फुकट जाते म्हणून, आणि सकाळी परत २००० असतं.